बारा नंबरच्या जागेवरची दुसरी काठी

शनिवार, १ सप्टेंबर

ही डायरी लोर्नाने आणून दिली. म्हणाली, "बाबा, दर रविवारी फोनवर मला कालव्याच्या तक्रारी सांगता, त्या यात लिहीत जा. म्हणजे फोनवर आपण दुसरं काहीतरी बोलू." दुसरं म्हणजे काय ते काही तिने सांगितलं नाही. तिची आई, म्यूरिएल, जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मुलगी मला असं वळण लावायला बघते.

तर, तक्रारी. आमच्या मासेमारी मंडळाकडे भट्टीपुलापासून दुहेरी फाटकापर्यंतचा कालवा आहे आणि मी, क्लेमंट बॉस्टॉक, त्याचा राखणदार. दर शनिवारी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काठाने फिरायचं. जो गळ टाकून बसलाय त्याचा सरकारी परवाना बघायचा, मग मंडळाचं वर्षाचं कार्ड बघायचं. कार्ड असलं तर मान हलवून पुढे. नसलं तर तिथेच उभं राहून दिवसाचं तिकीट फाडून द्यायचं. काम सोपं आहे. माणसं सोपी नाहीत.

आज चार नंबरच्या जागेवर एक जण तीन काठ्या लावून बसला होता. नियम दोनचा. म्हटलं, तिसरी काढा. म्हणतो, "ती मासे पकडत नाही, नुसती वाळत घातलीय." बूच पाण्यात, गळ पाण्यात, आणि हा वाळत घालतोय. काढायला लावली.

बारा नंबरवर एक नवीन बाई होत्या. एव्हिस हॅलम. सरकारी परवाना चोख, वर्षभराचा, पिशवीच्या वरच्याच कप्प्यात ठेवलेला. हे मला आवडतं. लोक परवाना शोधताना अख्खी पिशवी उलटी करतात आणि अळ्यांचा डबा सांडतात. मंडळाचं मात्र दिवसाचं तिकीट मागितलं. मी समजावलं की पुन्हा यायचं असेल तर वर्षाचं कार्ड कितीतरी स्वस्त पडतं. म्हणाल्या, "आज आलेय, आजचं द्या, बदका."

आमच्या गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळेच एकमेकांना बदका म्हणतात, ते ठीक. पण फेरीवरच्या राखणदाराला म्हणू नये असं माझं मत आहे.


शनिवार, ८ सप्टेंबर

हॅलम बाई पुन्हा बारा नंबरवर. पुन्हा दिवसाचं तिकीट. मी पुन्हा समजावलं. सरकारी परवाना वर्षाचा घेता येतो, मग मंडळाचं कार्ड घ्यायलाच काय अडतं? बायकांचा हिशोब मला कधी कळला नाही. म्यूरिएलचाही कळायचा नाही.

त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही स्वतः कशाकशाचं वर्षाचं घेता, मिस्टर बॉस्टॉक?"

म्हटलं, "मी? मी आता कशाचंच वर्षाचं घेत नाही. बसचा पाससुद्धा महिन्याचा."

"का?"

"या वयात वर्षाचं कोण घेतं?" असं बोलून गेलो. मग लक्षात आलं की मी त्यांना तेच घ्यायला सांगतोय. त्या पाण्याकडे बघत राहिल्या, हसल्या नाहीत. चांगल्या आहेत स्वभावाने.

त्यांना गळ बांधता येत नाही. तंगूस बोटांना गुंडाळून बसल्या होत्या, मी सोडवून गाठ मारून दिली. गाठ बांधून देणं म्हणजे मासेमारी नव्हे. घरी येऊन नियम पुन्हा वाचून घेतला. नियम नऊ एवढंच म्हणतो की फेरीवर असताना राखणदाराने गळ पाण्यात टाकायचा नाही.


शनिवार, २२ सप्टेंबर

त्या दोन काठ्या लावतात. दोन चालतात, तक्रार नाही. पण एक धड सांभाळता येत नाही तिथे दुसरी कशाला? आमचा कालवा अरुंद, समोरून बोट आली की दोन्ही काठ्या उचलायची धांदल. दुसऱ्या काठीपाशी एक घडीचं स्टूलही मांडतात, रिकामंच. मला वाटलं नवऱ्याची आठवण असेल. विचारलं. नवऱ्याला मासे बघूनच शिसारी यायची म्हणे, आणि तो जाऊनही नऊ वर्षं झाली. काठी मागच्याच आठवड्यात दुकानातून घेतली.

"बसा की. धरा ती काठी," म्हणाल्या.

मी नीट समजावून सांगितलं. एक तर नियम नऊ. दुसरं म्हणजे, एका परवान्यावर दोन काठ्या चालतात, पण दोन्ही त्याच माणसाने चालवायच्या. दुसरी शेजाऱ्याच्या हातात दिली की शेजारी विनापरवाना ठरतो. पुष्कळ लोक इथे चुकतात. नवरा दोन काठ्यांच्या भरवशावर बायकोला घेऊन येतो आणि बायको सापडते.

"म्हणजे फेरीवर असाल तोवर बसणार नाही?"

"शनिवारी दिवसभर फेरीवरच असतो."

"आणि मला शनिवारच मोकळा मिळतो," म्हणाल्या. बहीण अंथरुणाला खिळलेली आहे, तिचं सगळं याच करतात. शनिवारी भाची येते तेव्हा यांची सुटका.

उभ्या उभ्या चहा घेतला. चहा घेण्याबद्दल नियम नाही. थर्मासमधून ओतला तो चक्क चिनी मातीच्या कपात, काठाला सोनेरी रेघ असलेल्या. कालव्याच्या चिखलात असले कप कोण आणतं?


शनिवार, ६ ऑक्टोबर

ती सोनेरी रेघ त्यांनीच ओढलेली आहे. तीस-एक वर्षं कारखान्यात रंगकाम केलं. चाकावर कप फिरतो आणि केसांच्या ब्रशने एका दमात रेघ ओढायची, सुरुवात जिथे तिथेच शेवट. मी पलीकडच्याच कारखान्यात भट्टी लावायचो. म्हणजे यांनी रंगवलेले नाहीत, पण यांच्यासारख्या बायकांनी रंगवलेले हजारो कप मी भट्टीत रचलेत. तेव्हा ओळख असती तर, असं मनात आलं. तेव्हा म्यूरिएल होती. काहीतरीच.

पण गंमत बघा. एका दमात रेघ ओढणारा हात, आणि गळाला गाठ मारता येत नाही. आज तर एवढा गुंता केला होता की सोडवायला बराच वेळ गेला. आठ नंबरवरचा म्हातारा लांबून ओरडला, "बॉस्टॉक, माझं तिकीट कधी फाडणार? दुपार झाली!" त्याला म्हटलं, रांगेत थांब. रांग नव्हती.

धिरडी आणली होती त्यांनी, ओटची, आत चीज आणि बेकन. कागदात गुंडाळलेली, अजून गरम. मी दोन खाल्ली.


रविवार, ७ ऑक्टोबर

लोर्नाचा फोन. सांगितलं की बारा नंबरवरच्या बाईंना हस्तकौशल्य जमत नाही. तिने विचारलं, "त्या रेघा ओढणाऱ्या?" म्हटलं, हो, वयाने होतं असं. लोर्नाने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. लाइन खराब असेल.


शनिवार, १० नोव्हेंबर

पहिलं गोठलेलं दव. बारा नंबर रिकामी.

दहाच्या सुमारास बाहेरगावचा कुणी आला, बरा माणूस, कागदपत्रं ठीक. बारावर बसू का म्हणाला. मी म्हटलं, तिथला काठ खचलाय, दुरुस्ती आहे, पंधरावर बसा. काठ काही खचलेला नाही. का बोललो कुणास ठाऊक. अकरा वर्षं राखणदार आहे, खोटं असं कधी बोललो नाही. मंडळाची जागा, कुणीही बसावं.

दिवसभर कुणीच बसलं नाही तिथे. पाण्यावर पानांचा नुसता खच. संध्याकाळी आपली फुटबॉलची टीम हरली तेही रेडिओवर नीट ऐकलं नाही.


शनिवार, १७ नोव्हेंबर

आल्या. बहिणीला ताप होता. मला हायसं वाटलं. मंडळाचं एक तिकीट खपलं म्हणून नव्हे, हे इथे लिहायला हरकत नाही. खरंच हायसं वाटलं.

म्हणाल्या, "माझी जागा गेली असेल मागच्या वेळी?"

म्हटलं, "दुरुस्ती होती."

"कसली?"

"झाली."

आज त्यांना चुकून एक पर्च लागला, तळव्याएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. त्यांनी ओलं बोट फिरवून गळ अलगद सोडवला आणि मासा पाण्यात ठेवला, टाकला नाही. सगळे मासे परत सोडायचे हा आमच्या मंडळाचा पहिला नियम, पण असं सोडताना फार कमी जणांना बघितलंय. बरेच जण दगड भिरकावल्यासारखे फेकतात. मी तसं बोललो. त्या म्हणाल्या, "घरी पाठवायचं तर नीट पाठवावं."

मग दुसऱ्या काठीचा गळ पुन्हा निघाला म्हणाल्या. बांधून दिला.


शनिवार, १२ जानेवारी

जवळजवळ दोन महिने लिहिलं नाही. कालवा गोठला होता, लोर्नाकडे नाताळ झाला, लिहिण्यासारखं नव्हतं.

आता आहे. आमच्या मंडळाचा चिटणीस डेस्मंड पाईल. त्याला कशातही नवीन काहीतरी करायची खाज. आज त्याने पुलाच्या खांबावर नोटीस लावली. वार्षिक सभेत ठराव येणार: काठावर तिकीट फाडणं बंद. लोकांनी घरूनच मोबाईलवर पैसे भरायचे. त्यामुळे राखणदाराची शनिवारची फेरी १ मार्चपासून बंद. खाली लिहिलंय, श्री. बॉस्टॉक यांच्या सेवेबद्दल मंडळ ऋणी राहील. म्हणजे मला विचारण्याआधीच ऋणीसुद्धा होऊन बसले.

मी त्याला गाठलं. म्हटलं, "डेस्मंड, मोबाईल काय चार नंबरवाल्याची तिसरी काठी बघणार आहे?"

तो म्हणाला, "क्लेम, तुझे गुडघे बघ. थंडीत किती फिरणार? तुझ्याच भल्यासाठी."

माझ्या भल्याचं इतकं बघणारी माणसं अलीकडे फार झाली आहेत.

तरातरा बारा नंबरवर गेलो आणि हॅलम बाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे मार्चपासून शनिवारी तुम्ही मोकळे?"

"मोकळा कसला? बेकार."

"ठरवणार कोण?"

"वर्षाचं कार्ड असलेले सभासद. हात वर करून."

"हं," म्हणाल्या, आणि धिरडं पुढे केलं. मी घेतलं नाही. नंतर वाटलं, घ्यायला हवं होतं.


शनिवार, २६ जानेवारी

घरोघर फिरून मतं गोळा करतोय. आठ नंबरचा म्हातारा माझ्या बाजूने आहे. त्याच्याकडे मोबाईल नाही. चार नंबरवाला उघडच डेस्मंडच्या बाजूने.

रात्री विचार केला, मी एवढा का भांडतोय? पगार नाही, जाकीट मंडळाचं, गुडघे खरंच दुखतात. नियमांसाठी, असं सभेत सांगणार आहे. इथे वेगळं लिहितो. फेरी गेली तर शनिवारी मी काठावर कुठल्या नात्याने जाणार? बारा नंबरवरची ती माझ्याकडून तिकीट घेते म्हणून मी तिथे थांबतो. तिकीट नाही तर थांबायला कारण नाही. माणसाला थांबायला काहीतरी कारण लागतं.


शनिवार, २ फेब्रुवारी

हॅलम बाईंनी आज वर्षाचं कार्ड मागितलं.

सप्टेंबरपासून मी हेच सांगत होतो. फोटोही आणला होता, मापाचा, मागे नाव लिहून. मला आनंद व्हायला हवा होता. कार्ड भरताना हात चालेना. थंडीने असेल. कार्डवाल्यांपाशी राखणदार थांबत नाही, मान हलवून पुढे जातो. अकरा वर्षं असंच करत आलोय आणि तेच बरोबर आहे.

"आता माझं मतही धरायचं ना?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्यासाठी मत द्यायला कार्ड घेतलं. मी म्हटलं, "तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?"

"जरुरीचं होतं," म्हणाल्या.

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. वाटेत एका सायकलवाल्याने घंटी न वाजवता मला जवळजवळ कालव्यात ढकललं, तरी काही बोललो नाही.


बुधवार, २० फेब्रुवारी

सभा झाली. पबच्या माडीवर. लिहून टाकतो आणि झोपतो.

मी बोललो. बरं बोललो असं आठ नंबरचा म्हातारा म्हणाला. काठावर उभं राहून माणसाच्या तोंडाकडे बघून दिलेलं तिकीट वेगळं, असं म्हणालो. बोलताना तिच्याकडे बघितलं. निळा स्कार्फ बांधून दुसऱ्या रांगेत बसली होती, हात मांडीवर. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. माडीवर धूर कोंडतो त्याने असेल, शेकोटी नीट पेटत नाही तिथली.

मग डेस्मंडने विचारलं, फेरी बंद करावी असं कुणाकुणाला वाटतं?

चार नंबरवाल्याचा हात गेला. अजून बरेच गेले. आणि एव्हिस हॅलमचा हात गेला. सरळ वर, अजिबात न कापता.

एका मताने ठराव पास झाला.

डेस्मंडने मला मानद सभासदाचं कार्ड दिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही. माझ्याकडे यायला निघाली होती, मी टोपी घेतली आणि जिन्याने खाली उतरलो.

काय केलं होतं मी तिचं? गाठी बांधून दिल्या. जागा राखली. एकाला खोटं सांगितलं तिच्यासाठी. मला वाईट वाटलंय. राग आलाय असं लिहिणार होतो, पण राग नाही आलेला.


शनिवार, २३ फेब्रुवारी

शेवटची फेरी. जायचंच नव्हतं, पण शेवटचा दिवस चुकवला असं डेस्मंडला म्हणू देणार नाही.

सगळ्यांचं तपासलं. चार नंबरवर दोनच काठ्या होत्या. त्याने हात पुढे केला, मी मिळवला.

बारा नंबरवर म्हटलं, "कार्ड."

तिने दाखवलं.

"परवाना."

तोही दाखवला. मान हलवली आणि निघालो. मागून हाक आली, "मिस्टर बॉस्टॉक, चहा."

"फेरीवर आहे."

"पुढच्या शनिवारी या मग."

मी वळलो. म्हटलं, "पुढच्या शनिवारी मी या काठावर कोण?"

"तेच तर," म्हणाली.

थट्टा करायची तर निदान माणूस जाईपर्यंत तरी थांबावं. पुलापर्यंत मागे वळून बघितलं नाही. जाकीट आणि तिकिटांचं बुक डेस्मंडच्या दारात ठेवून आलो.


रविवार, २४ फेब्रुवारी

लोर्नाला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिने खोदून खोदून विचारलं.

"त्यांनी तुमच्याविरुद्ध मत दिलं?"

"दिलं."

"त्यासाठी मुद्दाम कार्ड काढलं?"

"फोटोसकट."

"आणि पुढच्या शनिवारी या म्हणाल्या?"

"म्हणाली."

माझी मुलगी हसायला लागली. बाप दुखावलेला आहे आणि ही हसतेय, मग नाक पुसल्याचा आवाज आला, म्हणजे रडतही होती बहुतेक. मी विचारलं, तुझं बरं आहे ना? म्हणाली, "बाबा, माझं एक ऐका. शनिवारी जा. आणि ते राखाडी स्वेटर घालू नका, कोपरावर विरलंय."

कालव्याशी स्वेटरचा काय संबंध, मला कळलं नाही. लोर्ना तिच्या आईवर गेलीय. अर्धं बोलते आणि उरलेलं आपल्याला कळलं असं धरून चालते.


शनिवार, २ मार्च

आज नीट लिहायला हवं.

जाणार नव्हतोच. पण सात नंबरपाशी कठडा हलत होता, तो मंडळाने बसवला का एवढं बघून यावं म्हणून निघालो. हिरवं स्वेटर घातलं. तेवढंच धुतलेलं होतं.

कठडा बसवलेला नाही. अर्थात. फेरी नाही तर बघणार कोण?

बारा नंबरवर ती होती. एक काठी हातात, दुसरी आडव्या टेकूवर ठेवलेली, स्टूल मांडलेलं आणि त्यावर उशी. आधी उशी कधी नव्हती. दोन कप. मी उभा राहिलो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "फेरीवर आहात?"

"फेरी राहिली कुठे? तुमच्याच हाताने बंद झाली."

"म्हणजे नियम नऊ आता तुम्हाला लागू नाही."

"नियम नऊ राखणदारासाठी असतो."

"मग बसा," ती म्हणाली. आवाज जरा बसल्यासारखा होता. "सप्टेंबरपासून बसा म्हणतेय. तुम्ही आपले दर वेळी एक नियम काढता आणि उभे राहता. मग एका वेळी एकेक नियम बाजूला करायचा ठरवलं मी. दुसरा काय उपाय होता?"

मी स्टुलाकडे बघितलं, काठीकडे बघितलं. सभेतला तिचा तो वर गेलेला हात आठवला. त्या बुधवारपासून तो हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आता त्याच हाताने ती उशी झटकत होती.

मग मी जे बोललो ते बोलायला नको होतं, पण खरं तेच होतं. म्हटलं, "मला बसता येणार नाही. माझ्याकडे सरकारी परवाना नाही."

तिने काठी खाली ठेवली. "काय नाही?"

"परवाना. म्यूरिएल गेली तेव्हा संपला. नवा काढला नाही. फेरीला लागत नाही."

"अकरा वर्षं लोकांचे परवाने तपासलेत, आणि तुमच्याकडे स्वतःचा नाही?"

"पाण्यात गळ टाकला नाही, त्यामुळे बेकायदेशीर काही नाही."

"अहो, मी कार्ड काढलं, फोटो काढला, भर सभेत तुमच्याविरुद्ध हात वर केला, आठवडाभर झोपले नाही. आणि परवानाच नाही?" मग हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आठ नंबरचा म्हातारा वळून बघायला लागला. "धरा हो तशीच. कोण बघतंय? राखणदाराला तर काढून टाकलंय."

"मी सांगितलं होतं सप्टेंबरमध्ये. दोन काठ्या एका परवान्यावर चालतात, पण दोन्ही त्याच माणसाने..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पोस्ट शनिवारी दुपारपर्यंतच उघडं असतं."

मी गेलो. आधी चालत, मग पुलापासून पळत म्हणावं असा. गुडघे दुखत होते, ते आता दुखताहेत तसे. पोस्टात माझ्यापुढे एक बाई पार्सलला चिकटपट्टी लावत होती, लावतच होती. माझी पाळी आली तोवर पोरगी फळी लावायच्या बेतात होती.

"मासेमारीचा परवाना," मी म्हटलं. धाप लागली होती.

"पाणी देऊ का, बदका?"

"परवाना दे."

"एक दिवसाचा, आठ दिवसांचा, की वर्षाचा?"

अकरा वर्षांत किती जणांचे परवाने वाचले असतील, पण हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. पोरगी थांबली होती. मागच्या घड्याळात बंद व्हायची वेळ झाली होती. आजच्यासाठी एक दिवसाचा पुरला असता. बसचा पास मी महिन्याचा घेतो.

"वर्षाचा," मी म्हटलं.

परत पोचलो तेव्हा ती तिथेच होती. चहा तिने पुन्हा थर्मासात ओतून ठेवला होता. मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावला आणि माझा परवाना तपासला, मी तपासतो तसाच, वरून खालपर्यंत. मुदतीपाशी बोट थांबलं.

"वर्षाचा घेतलात?"

"वर्षाचा."

तिने चष्मा काढला. कागदाची नीट घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि खिशावर हात तसाच राहू दिला. मीही हललो नाही. समोरून बोट गेली आणि तिची काठी उचलायची राहिली, तंगूस तुटलं.

मग बसलो. दुसऱ्या काठीला गळ नव्हता. बांधायला घेतला. पण पळून आल्याने म्हणा की कशाने, गाठ काही बसेना. तिने माझ्या हातातून तंगूस घेतलं. सहा वेढे, टोक ओवलं, ओठांनी ओलं केलं, ओढलं. एका दमात. मी मारतो त्यापेक्षा नीट गाठ.

मी गाठीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"एव्हिस," मी म्हटलं, "तुला बांधता येतं?"

"बुचाकडे बघ," ती म्हणाली. "पाण्याकडे बघ, क्लेमंट."

मी पाण्याकडे बघितलं. काही लागलं नाही. तिला एक लागला, लहानसा, तो आम्ही दोघांनी मिळून परत सोडला. मावळेपर्यंत बसलो. इतकं बरं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं, ते आठवायचाही प्रयत्न केला नाही.

झोपण्याआधी एक नोंद. माझा परवाना पुढच्या वर्षी १ मार्चपर्यंत आहे. तिचं मंडळाचं कार्ड त्याआधीच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतं. तिला वेळेवर आठवण करून द्यायला हवी.